मधले कपाट

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पूर्वी दोन कपाटे होती. एक बुटके, काचेच्या दारांचे. त्यात इसापनीती, बिरबलाच्या गोष्टी, विक्रम-वेताळ आणि थोरांची चरित्रे. दुसरे उंच, लोखंडी, कुलपाचे. त्यात शिक्षकांसाठी म्हणून घेतलेल्या कादंबऱ्या. फडके, खांडेकर, रणजित देसाई, शिवाजी सावंत असे सारे त्यात दाटीने उभे असत. सातवीपर्यंतची मुले पहिल्या कपाटापाशी येत. नववी-दहावीची मुले कोणत्याच कपाटापाशी येत नसत. पहिल्यापाशी उभे राहावयाची त्यांना लाज वाटे आणि दुसऱ्याची किल्ली त्यांना मिळत नसे. दोन कपाटांच्या मध्ये भिंतीचा तीनेक फुटांचा मोकळा तुकडा होता, तेथे पाण्याचा माठ ठेवलेला असे. ही मोठी मुले ग्रंथालयात येत, ती बहुधा पाणी प्यावयाला.

ग्रंथालयाचे काम माझ्याकडे आले ते काही माझ्या पात्रतेमुळे नव्हे. मी कादंबऱ्या लिहितो हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला पुस्तकांतले कळत असावे असा एक भाबडा समज आहे. किल्ल्या हाती आल्यावर पहिल्या वर्षी मी काय केले? माझ्या आधीच्यांनी जे केले तेच. मार्चअखेर जवळ आली होती, खर्ची टाकावयाची रक्कम शिल्लक होती. विक्रेत्याने छापील यादी पाठविली. मी तीवर खुणा केल्या. खुणा करताना माझ्या डोळ्यांपुढे शाळेतला एकही मुलगा नव्हता. होता तो एक आदर्श विद्यार्थी. तो पहाटे उठतो, देशभक्तांची चरित्रे वाचतो आणि झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करतो. असा मुलगा मला इतक्या वर्षांच्या नोकरीत भेटलेला नाही. भेटला असता तर मला त्याची काळजीच वाटली असती.

त्याच वर्षी नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने नारायण धारपांची कादंबरी मागितली. भुताखेतांची पुस्तके शाळेत ठेवीत नसतात, असे मी त्याला सांगितले आणि ‘श्यामची आई’ काढून त्याच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी त्याने ती परत केली. काही बोलला नाही. पुढे तो दीड वर्ष शाळेत होता, परंतु पुस्तक मागावयाला पुन्हा म्हणून आला नाही.

ही गोष्ट मला लागून राहिली याचे कारण असे की त्याच्या वयाचा असताना मी स्वतः धारप वाचीत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थाने घरातच भाड्याने पुस्तके देण्याचे दुकान थाटले होते. दिवसाला आठ आणे. तेथे धारप, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि वेष्टने फाटलेले जुने बाबुराव अर्नाळकर एकाच फळकुटावर नांदत. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या त्या पानांत भाषेचे सौष्ठव शोधू नये. परंतु पुढचे पान उलटण्याची ओढ म्हणजे काय, हे मला तेथे कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले; वाचन थांबले नाही, ते त्या आठ आण्यांमुळे. आणि हे सारे त्या मुलासमोर उभा असताना मला आठवले नाही! खुर्चीवर बसले म्हणजे माणसाचे बालपण कसे विसरते, त्याचा हा नमुना.

सोलापुरात ह्या प्रश्नाला एक निकड आहे. आमच्या शहराच्या पूर्व भागातले मूल घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी शिकते आणि रस्त्यावर दोन्हींत हिंदी मिसळते. अक्कलकोटच्या बाजूचे घरी कानडी बोलते. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद म्हणजे दिनदर्शिका. दहावी झाली की ह्यांतली बरीच मुले टॉवेल-चादरींच्या कारखान्यात, दुकानात, कोठेतरी लागतात. मुंबई-पुण्याच्या ग्रंथपालाला असे म्हणता येते की आज हा मुलगा वाचीत नसेल, महाविद्यालयात गेला म्हणजे वाचील. मला तसे म्हणता येत नाही. माझ्या हातात आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षे आहेत. त्या तीन वर्षांत एखादी कादंबरी त्याने आपण होऊन, रात्री सगळे निजल्यावर दिव्याखाली संपविली नाही, तर कादंबरी नावाच्या वस्तूशी त्याचा संबंध पुन्हा येण्याचा संभव थोडा.

मग तिसरे कपाट करावयाचे ठरले. त्यात काय ठेवावे, ह्याचा विचार करता करता मला जे सुचत गेले ते येथे मांडतो. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यांतला प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हा नियम तेवढा मला पाठ आहे. अवघड आहे तो त्यातला ‘त्याचे’ हा शब्द.

आपल्याकडे कुमार वाङ्मयाविषयी जे बोलले जाते त्यात एक गृहीत धरलेले असते. चौदा वर्षांचा वाचक हा अजून कोणी नाही, तो पुढे कोणीतरी व्हावयाचा आहे, असे ते गृहीत. म्हणून त्याला द्यावयाचे पुस्तक घडविणारे हवे. मडके घडवावे तसे. परंतु चौदावे वर्ष हे पुरते वर्ष आहे. त्या वयातला अपमान पुरता अपमान असतो, प्रेम पुरते प्रेम असते. पंचविशीत आपण त्याला हसतो एवढेच. ज्या कादंबरीकाराला हे मान्य आहे त्याचे पुस्तक ह्या कपाटात यावे. ज्याला नाही, त्याचे कितीही सुबोध आणि शुद्ध असले तरी येऊ नये. ह्या एका कसोटीवर मी जी पुस्तके लावून पाहिली, त्यांतली काही नावाजलेली बाहेर राहिली आणि काही हिणवलेली आत आली.

‘श्यामची आई’चेच पाहा. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मराठी घराघरांत ती गेली. तिच्या थोरपणाविषयी मला शंका नाही. परंतु ती गोष्ट सांगतो कोण? मोठा झालेला श्याम. आश्रमात, रात्री, मित्रांना. लहानपणचा हट्टी श्याम आपल्याला दिसतो तो ह्या प्रौढ माणसाच्या पश्चात्तापातून. दहा वर्षांचे मूल ती आईची गोष्ट म्हणून ऐकते, तिशीचा वाचक आपली आई आठवून रडतो. मधला जो चौदा वर्षांचा आहे, त्याचे नेमके त्याच आठवड्यात आईशी भांडण झालेले असते. त्याला त्या पानापानांतून कोणीतरी आपल्याकडे बोट दाखवीत आहे असे वाटते. मी त्या मुलाला वाईट पुस्तक दिले नाही. चुकीच्या वर्षी दिले. ‘श्यामची आई’ आता बुटक्या कपाटात आहे आणि उंच कपाटातही आहे. मधल्यात नाही.

फास्टर फेणेविषयी मी अधिक घुटमळलो. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्याइतका मुलांचा विश्वास संपादन केलेला लेखक मराठीत दुसरा सांगता येणार नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकतो, सायकलवर उडतो, तोंडाने ‘ट्टॉक्’ करतो आणि संकटात सापडला म्हणजे वडीलधाऱ्यांची वाट पाहत बसत नाही. ह्या शेवटल्या गोष्टीतच सारी मोहिनी आहे. ताम्हनकरांचा गोट्या गुणी खरा, पण त्याच्या भोवती घर आहे, आणि ते घर एका विशिष्ट वर्गाचे आहे. आमच्या मुलांना तेथे पाहुण्यासारखे बसावे लागते. फेणे मात्र रस्त्यावरचा आहे. अडचण एवढीच की वीस पुस्तकांत बन्याला मिसरूड फुटत नाही. तो जसा पहिल्या पानावर होता तसाच विसाव्या पुस्तकाच्या शेवटी असतो, आणि आमचा वाचक तर सहा महिन्यांत आवाजासकट बदललेला असतो. २०१७ साली फेणेवर चित्रपट निघाला तेव्हा त्याला मोठा करून वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसवावे लागले, ह्यात काय ते आले. फेणे मधल्या कपाटात आहे; सर्वांत खालच्या कप्प्यात, आठवीत नव्याने आलेल्यांच्या हाताला लागेल असा.

त्याच कप्प्यात भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, अशोक जैनांनी आणलेला सत्यजित रायांचा फेलूदा आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. ह्यांविषयी फार लिहावयास नको. ती पुस्तके आपला वाचक आपण शोधतात. नारळीकरांनी १९७४ साली आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली ती नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने. हे मी वर्गात सांगतो, कारण एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपले नाव न पाहता आपली गोष्ट वाचली जावी असे वाटले, ह्याचे मुलांना फार नवल वाटते.

खरा वाद झाला तो मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वरून. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातली नववी. मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. मी तिच्या तीन प्रती मागविल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली. नववीच्या मुलाच्या हाती नववीतल्या मुलाच्या प्रेमाची कादंबरी द्यावयाची? मुले बिघडतील. मी म्हटले, जे त्यांच्या मनात आहेच ते पुस्तकात सापडल्याने मुले बिघडत नाहीत. एकटे वाटणे तेवढे कमी होते. एक ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या, “तुम्हाला मुलगी नाही म्हणून तुम्ही असे बोलता.” ह्याला उत्तर नव्हते. मी गप्प बसलो आणि प्रती कपाटात ठेवल्या.

‘शाळा’चे बळ कशात आहे? मुकुंद मागे वळून पाहत नाही. तो त्या वर्षाच्या आत उभा राहून बोलतो, त्या वर्षाच्या भाषेत बोलतो. त्याला पुढचे काही ठाऊक नाही आणि लेखकही त्याला ते कानात सांगत नाही. आणीबाणी खिडकीबाहेरून जाते. त्याला ती जेवढी कळेल तेवढीच कळते. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. तेथे कोणी येऊन दोन शहाणपणाचे शब्द सुनावीत नाही. ‘श्यामची आई’त जे प्रौढ नजरेचे झाकण आहे ते येथे नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे ह्या पुस्तकाची तिसरी प्रत शिवणीतून सुटली. दोष आहेत. मध्ये कथानक रेंगाळते. मुलांच्या गप्पा लेखकाला इतक्या आवडतात की त्या थांबविण्याचे त्याच्या जिवावर येते. परंतु तिचा खरा दोष मला एका मुलीने दाखविला. पुस्तक परत करताना ती म्हणाली, “सर, तिच्या मनात काय होते ते कुठे लिहिले आहे?” मी म्हटले, “तो सांगतो आहे ना गोष्ट, त्याला काय ठाऊक?” ती म्हणाली, “मग तिची गोष्ट कुठे आहे?”

ह्या प्रश्नापाशी मी पुष्कळ दिवस अडलो. मराठीत मुलींसाठी ह्या वयाची कादंबरी कोणती? शांताबाई शेळक्यांनी ‘लिटल विमेन’चे ‘चौघीजणी’ केले, ते आहे. आमच्याकडे ते कधी कपाटात सापडत नाही, कोणाच्या ना कोणाच्या घरी असते. पण मूळ पुस्तक १८६८ सालचे, अमेरिकेतले. ताम्हनकरांची ‘चिंगी’ लहान आहे. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले त्यातल्या मुली शिकलेल्या, वयात येऊन गेलेल्या. शिवाय लेखिकेला त्या काळी टोपणनावाआड राहावे लागले. मधल्या वयाच्या मुलींनी मग काय वाचले? आयांच्या, मावश्यांच्या उशाखालच्या कादंबऱ्या. त्या लिहिणाऱ्यांना मी नावे ठेवीत नाही. तथापि त्या कादंबऱ्यांत मुलीच्या आयुष्याला लग्नाच्या बोलण्यापासून प्रारंभ होतो. त्यापूर्वीचे जणू काही घडलेलेच नसते. ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला ती पहाटे चारला उठून आईबरोबर विड्या वळून मग शाळेत येत असे. तिचे पुस्तक माझ्या कपाटात नाही, हे मला मान्य केले पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मी आनंदाने ठेवली. माणदेश आम्हाला दूर नाही, सांगोल्याकडून गेले की लागतो. ते माळ, ती मेंढरे, तो पाऊस न पडणे मुलांच्या ओळखीचे. तरी मुले विसाव्या पानावर पुस्तक खाली ठेवीत. मला कळेना. तिच्या साधेपणाची समीक्षकांनी एवढी वाखाणणी केलेली, आणि येथे तोच साधेपणा आड यावा! नंतर माझ्या ध्यानात आले की मी ती ग्रामीण कादंबरी म्हणून देत होतो. गाव कसे असते हे मुलांना वाचावयाचे नव्हते. ते त्यांना ठाऊक होते. मग एका पावसाळी दुपारी, कवायतीचा तास रद्द झाला असता, मी आरंभ मोठ्याने वाचून दाखविला आणि एवढेच सांगितले: ‘हा मास्तर तुमच्याहून फार मोठा नाही आणि ही त्याची पहिली नोकरी आहे.’ वर्ग एकदम शांत झाला. अनोळखी गावात एकटे जाणे. आपण पोरसवदा आहोत हे लोकांना कळू नये म्हणून आवाज जड करणे. कारभाऱ्याला काय वाटेल, पैशांचा हिशेब चुकला तर काय होईल ही भीती. दोन वर्षांनी जी मुले कोणाच्या तरी कारखान्यात उभी राहणार होती, त्यांना ही भीती आताच ठाऊक होती. ‘बनगरवाडी’ ही पहिल्या नोकरीची कादंबरी आहे असे कोठे म्हटलेले माझ्या वाचनात नाही. मला ते मुलांनी शिकविले.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ला (१९५९) असे काही करावे लागत नाही. जाड पुस्तक पाहून ज्याच्या पोटात गोळा येतो त्या मुलालाही ते धरून ठेवते. भुकेलेल्या माणसांसाठी खजिना लुटणारा हा नायक. आणि त्याचे कथन करणारा लेखक शाळेत जवळजवळ गेलाच नाही, हे सांगितले की मागच्या बाकावरची मुले पुढे सरकतात. ‘फकिरा’तले रंग भडक आहेत, प्रसंग नाटकी आहेत, असा आक्षेप असतो. तो खोटा नाही. पण भडक रंगांमागे जो संताप आहे तो उसना नाही, आणि चौदाव्या वर्षी माणूस शैलीपूर्वी संतापाचा खरेपणा ओळखतो.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’विषयी मला थोडी धास्ती होती. १९८७ साली ती आली, १९९० चे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले. कागलचा मुलगा, त्याची शाळेची ओढ आणि शाळेच्या आड येणारा बाप. पुस्तक दीर्घ आहे; त्यातला मार, उपास आणि कष्ट यांची पुनरुक्ती होते. ह्यावर संक्षिप्त आवृत्त्यांचा जो उपाय आपल्याकडे केला जातो तो मला मुळीच पसंत नाही. संक्षेप करणारा नेमके तेच गाळतो ज्यासाठी मुलाने पुस्तक उघडलेले असते. उरते ती हकीकत, आणि हकीकत म्हणजे कादंबरी नव्हे. मी मुलांना अखंड पुस्तक देतो आणि सांगतो की कंटाळा आला तर दहा पाने उलटा, मला सांगावयाची गरज नाही. एकाने मला येऊन सांगितलेच. म्हणाला, दहा पाने उलटली, पण मग काय झाले असेल म्हणून मागे येऊन वाचली.

प्रकाश नारायण संतांचा लंपन पुण्या-मुंबईच्या रसिकांनी डोक्यावर घेतला. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतची चारही पुस्तके आमच्याकडे आहेत. ती मूल होण्याच्या आठवणीची आहेत की मूल असण्याची, ह्याविषयी मला अजून निश्चय करता आलेला नाही. कधी कधी लंपनच्या मागे एक फार सुसंस्कृत मोठा माणूस उभा आहे असे वाटते. परंतु त्या भाषेत कानडी जशी सहज येते तशी आमच्या मुलांच्या बोलण्यात येते, आणि ज्या वाक्यांना इतरत्र तळटीप लागेल त्यांना आमच्या वर्गात हसू येते. सीमेवरच्या मुलाला आपली भेसळ पुस्तकात छापलेली दिसणे, ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे ते ह्या कपाटात बसत नाही. तरी ठेवले आहे. लेखक अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा. त्याने ते पंचविशीत लिहिले. दहावीच्या मुलाला ते झेपेल का, असे मला विचारतात. ज्यांना झेपत नाही ते ठेवून देतात. ज्यांना झेपते त्यांनी ते आधी जगून पाहिलेले असते.

आता फळकुटावरची पुस्तके. धारप, शिरवळकर आणि मिळतील तेवढे अर्नाळकर मी आणले आहेत. अभिरुचीचे काय, असा प्रश्न येतोच. ह्या पुस्तकांवरून मुले हळूहळू चांगल्या वाङ्मयाकडे वळतात, हे उत्तर सोयीचे आहे. पण ते पुरते खरे नाही. काही वळतात, माझ्यासारखी. पुष्कळशी धारपांपाशीच राहतात. राहोत. सर्वांना वरच्या मजल्यावर नेण्याचा मक्ता ग्रंथालयाने घेतलेला नाही. ‘दुनियादारी’ (१९८२) वाचून एखादा मुलगा मैत्रीविषयी रात्रभर विचार करीत राहिला, तर त्या रात्री त्याने जे केले ते वाचनच. मी रेषा ओढतो ती भुताखेतांपाशी नव्हे, प्रेमापाशीही नव्हे. ज्या पुस्तकात गरीब माणूस केवळ हसवावयाला आणलेला असतो ते मी घेत नाही. आणि ज्यात मुलाचे दुःख शेवटच्या प्रकरणात एखाद्या गुरुजींच्या भाषणाने विरघळते, ते तर नाहीच नाही. (मी स्वतः गुरुजी आहे. माझ्या भाषणाने कोणाचे दुःख विरघळलेले मी पाहिलेले नाही.)

खरी अडचण पुस्तके निवडण्याची नाही, पुस्तके नसण्याची आहे. १९६७ साली अमेरिकेत एस. ई. हिंटन हिची ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झाली. तिने ती पंधराव्या वर्षी लिहावयास घेतली होती. छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलगी म्हणून टीकाकारांनी आधीच नाक मुरडू नये म्हणून नावाची नुसती आद्याक्षरे घातली. आपल्या भोवतीच्या मुलांची मारामारी, गरीब-श्रीमंत टोळ्या आपल्याला वाचावयाच्या होत्या आणि कोणी लिहीत नव्हते, म्हणून तिने लिहिले. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिणारा पंधरा-सोळा वर्षांचा होता असे आपण अभिमानाने सांगतो. आणि त्याच भाषेत पंधरा वर्षांच्या वाचकासाठी लिहावयाला लेखक तयार नाहीत. बालवाङ्मयाला पारितोषिके आहेत, प्रौढ कादंबरीला पारितोषिके आहेत. मधल्या वाचकासाठी लिहिणाऱ्याला कोणत्या रांगेत उभे करावे हेच ठरलेले नाही.

हे मी दुसऱ्यांना म्हणतो आहे असे नाही. आमच्या सोलापुरात १९३० साली लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना फाशी दिले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार हुतात्मा चौकातून माझी मुले रोज शाळेत येतात. त्या दिवसांत गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरातला एखादा पोर, त्याने काय पाहिले असेल, त्याला काय कळले नसेल, ह्यावर कादंबरी लिहावयाचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो पोर चौथ्या प्रकरणात शहाण्यासारखा बोलू लागला. तेथे मी थांबलो. ‘शाळा’ किती अवघड पुस्तक आहे हे मला त्या दोन चौथ्या प्रकरणांनी सांगितले.

कपाटाची व्यवस्था म्हणाल तर थोडी आहे. तीन वेगळ्या पुस्तकांच्या एकेक प्रतीपेक्षा एकाच पुस्तकाच्या तीन प्रती बऱ्या. ह्या वयात मित्राने वाचले म्हणून वाचले जाते. पुस्तकांना खाकी कागदाची वेष्टने घालण्याची आमच्याकडे पद्धत होती. त्यामुळे सगळी पुस्तके पाठ्यपुस्तकांसारखी दिसत. ती वेष्टने मी काढून टाकली. पुस्तक वाचल्यावर सारांश लिहून आणावयाचा, हा नियम बंद केला. कुलूप लावीत नाही. वर्षाला काही पुस्तके नाहीशी होतात. त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागतो आणि मी तो दरवर्षी त्याच शब्दांत देतो. माठ व्हरांड्यात हलविला आहे.

गेल्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर, एका खेळण्यांच्या दुकानापाशी कोणीतरी मला ‘सर’ म्हणून हाक मारली. तो धारप मागणारा मुलगा होता. आता पोरगा राहिला नव्हता; कडेवर मुलगी होती. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे म्हणाला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. जाता जाता त्याने विचारले, “सर, धारप ठेवता का आता?” मी म्हटले, “ठेवतो.” “मग माझा पुतण्या जूनला तुमच्याकडे आठवीत येईल, त्याला द्या,” असे म्हणून तो गर्दीत गेला.

पुतण्या जूनमध्ये आला. पुस्तक नेले आहे. मुदत उलटून तीन आठवडे झाले. अजून परत केलेले नाही.